व्हर्डेलच्या बारा कांड्या

"मिस व्हर्डेल, तुमच्या जुडग्यात युरेनियम कमी भरतंय."

टकर हे म्हणाला तेव्हा व्हर्डेल गॅड्सडेन हातमोजे काढत होती. साउथ कॅरोलिनातल्या त्या कारखान्यात अणुभट्टीच्या इंधनकांड्यांचे जुडगे बांधण्यात तिची सव्वीस वर्षं गेली, आणि एवढ्या वर्षांत तिच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. टकर आज तिचा साहेब असला, तरी कांडी धरायला त्याला तिनंच शिकवलं होतं.

युरेनियमचा हिशेब तपासायला बाहेरून आलेल्या लिंडक्विस्टबाई यंत्रापाशी उभ्या होत्या. ते यंत्र जुडग्याला वेढून आत न्यूट्रॉन सोडतं आणि परत किती येतात ते मोजतं; त्यावरून भट्टीत जळणारं युरेनियम किती, ते कळतं. आकडा चार टक्के कमी होता.

"गॅडोलिनियमच्या कांड्या किती धरल्यात?" व्हर्डेलनं विचारलं. गॅडोलिनियम न्यूट्रॉन गिळतं आणि आकडा खाली आणतं, हे तिथला झाडूवालाही सांगेल.

"कागदावर आठ आहेत," बाई म्हणाल्या.

"मी बारा घातल्यात."

टकर तिच्या कानाशी लागला. "अहो, साठी उलटली तुमची. 'नक्की आठवत नाही' असं लिहून सही करा. जुडगा उलगडून बघू, विषय संपला."

व्हर्डेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "युरेनियम गायब झालं म्हणतील, आणि मी म्हणू आठवत नाही? अरे, तुझ्या लग्नात चिकन बॉगचा भात मी वाढला. एकशे नऊ ताटं, आजही आठवतात. विचार तुझ्या आईला!"

मग ती लिंडक्विस्टबाईंकडे वळली. "कॅडमियमचा पत्रा लावून मोजा. मंद न्यूट्रॉन तोच अडवेल, गॅडोलिनियमला गिळायला फारसं उरणार नाही. मग आठ असोत की बारा, आकडा सरळ येईल."

"वेळ लागेल फार."

"मी कुठं पळून चाललेय?"

पाळी सुटली, बाकीचे गेले. टकरनं खुर्ची सरकवली, पण गुडघे ठणकत असूनही ती बसली नाही. अखेर आकडा आला, आणि जुळला. बाईंनी आधीचा हिशेब बारा कांड्या धरून पुन्हा केला, तोही जुळला. दिलेला कागद जुन्या आराखड्याचा होता, हे टकरनं खाली मान घालून कबूल केलं.

"बारा हा आकडा कुणी सांगितला, ते लिहायचंय," बाई म्हणाल्या.

"लिहा की, कारखान्याच्या नोंदींवरून," टकर घाईनं म्हणाला.

"नोंदीत तर आठ होत्या." त्यांनी व्हर्डेलकडे पाहिलं. "तुमचं पूर्ण नाव?"

व्हर्डेल त्यांच्या कागदाजवळ सरकली.

"व्हर्डेल गॅड्सडेन. व्हर्डेलला शेवटी दोन एल आहेत, बाई. एकही खाऊ नका."