ट्रकने खाल्लेला दृष्टांत

किन्हीराजात सप्ता बसला की शेषरावांचं वय वीस वर्षांनी उतरायचं. एरवी उठताना गुडघ्यावर हात ठेवणारा हा माणूस सात दिवस मृदंग गळ्यात घालून असा उभा राहायचा, की महाराज श्वास घ्यायला थांबले तरी याचा हात थांबायचा नाही. देवाचं नाव, झांजांचा झणत्कार आणि रंगात आलेला दृष्टांत, एवढ्यावर शेषराव जगत. जेवण म्हणजे दोन कीर्तनांमधली सुट्टी.

एकच गोष्ट त्यांना सलत होती. घर हायवेच्या अलीकडे, देऊळ पलीकडे. दोन वर्षांपूर्वी अशाच सप्त्यात त्यांच्या गोमतीबाई आरतीचं ताट घेऊन रस्ता ओलांडत होत्या. एक पिकअप गाडी सुसाट आली, त्यांना उडवून गेली, थांबलीसुद्धा नाही. ऑपरेशन करून गोमतीबाईंच्या पायात सळई घालावी लागली. काठीच्या आधारानं पाय चालू लागला खरा, पण हायवेच्या काठाशी आला की लटलट कापायचा आणि माघारी वळायचा.

तेव्हापासून बाई घराच्या ओट्यावर बसूनच कीर्तन ऐकत. भोंगा दणदणीत होता, त्याची तक्रार नव्हती. पण दृष्टांत ऐन रंगात यावा आणि नेमका त्याच वेळी एखादा ट्रक हॉर्न कोकलत धडाडत जावा, हे ठरलेलं. शेषराव घरी आले की पाय धुण्याआधी परीक्षा सुरू.

"मंग त्या राजानं काय केलं वो?"

"कोण्या राजानं?"

"तेच तं ट्रकनं खाल्लं!"

मग शेषराव ओट्यावर बसून, ट्रकने खाल्लेला भाग हातवारे करून सांगत. सांगता सांगता नजर बाईंच्या काठीकडे जाई. यंदा काल्याच्या कीर्तनाला गोमती मांडवात बसलेली दिसू दे, एवढंच त्यांनी देवाजवळ मागितलं होतं.

यंदा थंडी कडक, म्हणून रोजचं कीर्तन दुपारी तीनला ठेवलं होतं. शिवाय मोबाइलवर थेट दाखवण्यासाठी कारंज्याहून शूटिंगवाले यायचे होते. काल्याच्या आदल्या दिवशी सकाळी शेषराव मालेगावहून मृदंगाला नवी शाई लावून मोटारसायकलवर परतत होते, तर देवळाच्या थोडं अलीकडे, लिंबाच्या झाडामागे एक पांढरी गाडी उभी. मागची काच उघडी, आत काळा कॅमेरा, लॅपटॉप मांडीवर घेतलेली एक तरुणी आणि पुढे पिकल्या दाढीचा ड्रायव्हर.

"आले काय बाप्पा! कारंज्याचेच नं?"

"हो काका, कारंज्याचेच," तरुणी म्हणाली. "मी धम्मदीपा. हे वहाबचाचा."

"चहा आला समजा! पण कॅमेऱ्याचं तोंड मांडवाकडं काहून नाही?"

"आमाले रस्त्याचंच काम देलं हाये, काका."

"बराबर! उद्या दिंडी रस्त्यानंच येते. थांब, मी मृदंग घेऊन जाऊन दाखवतो. फोटोत बसते काय, पाहा."

"काका, आयका तं—"

पण काकांनी किक मारली होती. अर्धा मैल मागे जाऊन, मृदंग पाठीवर, छाती पुढे, असे ते झाडासमोरून भुर्रकन गेले. परत येऊन विचारतात, "आला काय?"

"आला, पण काका—"

"मले वाटते मान वाकडी झाली. अजून एक डाव!"

दुसऱ्या फेरीला त्यांनी मूठ आणखी पिळली. वहाबचाचा खिडकीतून दोन्ही हात हलवत "धीरे मामा, धीरे!" ओरडत होते. शेषरावांना वाटलं, कौतुक चाललंय. त्यांनीही एक हात सोडून हलवला आणि तसेच थेट गावात शिरले.

जेवणानंतर सोनीबाईंच्या चहाच्या टपरीवर ते बसले होते. खिशातला मोबाइल दोनदा वाजला. चष्मा घरी राहिलेला, म्हणून त्यांनी तो मदनसिंगाकडे दिला. मदनसिंगाची प्रवासी जीप किन्हीराजा ते मालेगाव चाले, आणि गावातली कुठलीही बातमी आधी त्याच्या जीपमध्ये बसे.

"मामा, तुमचा फोटो आला."

"इतक्यात? कसा आला?"

"फस्क्लास आला. छप्पनचा स्पीड. इथं मर्यादा चाळीसची हाये. अन् दुसऱ्यात तं एकसष्ट! एक हात सोडून! हेल्मेट नाही! चालान हाये मामा हे, दोन-दोन!"

टपरीवर असा हशा पिकला की सोनीबाईंचं दूध उतू गेलं.

"म्हंजे ते कीर्तनाचं शूटिंग नोयतं?" शेषरावांनी विचारलं, आणि हशा पुन्हा पेटला.

हसणं ओसरलं तशी चर्चा तापली. मदनसिंग म्हणाला, "ते पोलिसाची गाडी नाही, ठेक्याची हाये. खाजगी कंपनी. जितके फोटो, तितका गल्ला!"

"काऊन, तुले माहीत हाये काय पक्कं?" एकानं टोकलं.

"माहीत असाले कायले पायजे? झाडामागं लपून कोण उभं राह्यते? चोर नाही तं ठेकेदार!"

"ट्रकवाले एकमेकाले लाइट मारून सांगते. आपल्याले कोण सांगते?" दुसरा म्हणाला.

सोनीबाई फडक्यानं दूध पुसत म्हणाल्या, "मले तं काई कळत नाही, पण आज सकाळपासून माह्या कपात धूळ नाही पडली."

तिकडे कोणी लक्ष दिलं नाही. मदनसिंगानं कागद आणून वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'गाडी हटाव'. उद्या सकाळी नऊला सगळ्यांनी मिळून गाडीला घेराव घालायचा.

"पयली सही मामाची. तुमच्या शब्दाले गावात वजन हाये, अन् मार बी तुमालेच बसला."

शेषरावांचे कान लाल झाले होते. त्यांनी पेन घेतलाही. तेवढ्यात देवळातून झांजेचा ठोका ऐकू आला. कागदाची घडी खिशात घालत ते उठले. "आधी कीर्तन. मंग सही."

कीर्तनात त्या दिवशी त्यांचा हात वाजत होता, पण मन छप्पन आणि एकसष्टच्या मध्ये अडकलं होतं. संपल्यावर सवयीनं ते ओट्यावर येऊन बसले आणि सांगायला लागले, "आज महाराजानं एका बाईचा दृष्टांत घेतला—"

"राहू द्या," गोमतीबाई म्हणाल्या. "मी सांगते. ते बाई देवासाठी लोन्याचा गोळा घेऊन निघाली. ऊन कडक. लोनी लागलं वितळाले. वाटेत एक लंगडा माणूस बसला होता. बाईनं इचार केला, देवापर्यंत तं पोचत नाही. तिनं ते लोनी त्याच्या पायाले चोळून देलं. देवळात गेली तं हात रिकामे. लाजून खाली पाह्यलं, तं देवाचे पाय लोन्यानं चमकून राह्यले होते!"

शेषराव पाहतच राहिले. एक शब्द गळाला नव्हता.

"आज ट्रक नोयते काय?"

"होते तं. पण बकऱ्या चालल्यासारखे हळूहळू चालले सारे. हॉर्न नाही, काई नाही. काय झालं त्याहीले, कोनाले ठाऊक." बाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "मी आज हायवेच्या काठापर्यंत जाऊन आली. पाय नाही कापला."

शेषरावांचा हात खिशातल्या कागदावर होता. तो तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता वीस-पंचवीस माणसं लिंबाजवळ जमली. वहाबचाचांनी घाईघाईनं काच वर केली. धम्मदीपा मात्र खाली उतरून उभी राहिली. चेहरा उतरला होता, पण मागे सरली नाही.

"काका, मी काल तुमाले थांबवत होती. तुमी आयकलंच नाही."

"खरं हाये," शेषराव म्हणाले. "मले एक सांग पोरी. जास्त फोटो काढले तं तुले जास्त भेटते?"

"नाही काका. मले पगार हाये, तेवढाच. कंपनीले कसं भेटते, ते मले खरंच माहीत नाही."

"हेच तं!" मदनसिंग गरजला. "करा मामा सही!"

शेषरावांनी कागद उलगडला, गाडीच्या बोनेटवर ठेवला आणि 'हटाव' या शब्दावर काट मारली. गर्दीत कुजबुज उठली.

"मामा, काय करून राह्यले?"

"मदन, माहे दोन्ही चालान खरे हाये. मी छप्पननं गेलो, एकसष्टनं गेलो, हात सोडून गेलो. दंड मी भरतो. पण माह्या गोमतीले ज्यानं उडवलं, तो कितीनं गेला, ते कोणी मोजलंच नाही." त्यांनी कागद मदनसिंगाकडे सरकवला. "तुहं बी खोटं नाही. पैसा कोनाच्या घरात जाते, ते विचारा. कागदावर लिवा, साहेबाले जबाब देऊ द्या. अन् हे झाडामागं लपनं बंद करा. महाराज कीर्तन कराले समोर उभे राह्यते नं? का लिंबामागून करते? पुढं मोठी पाटी लावा, 'कॅमेरा हाये', अन् उघड्यावर उभे राहा. भेव पाह्यजे, फसवणूक नको."

"पाटीचं मी वर कळवते," धम्मदीपा म्हणाली. "पण गाडीची जागा बदलायचा मले हुकूम नाही."

काच खाली आली. वहाबचाचांनी दाढी खाजवली. "बेटी, हुकूम तेरे पास नहीं, पण चाबी तं माह्याजवळ हाये." आणि गाडी गुरगुरत लिंबामागून निघाली व दहा पावलं पुढे, देवळाच्या तोंडाशी, साऱ्या जगाला दिसेल अशी उभी राहिली.

कागदावर आता 'गाडी हटाव' ऐवजी 'गाडी उघड्यावर उभी करा, हिशोब उघडा करा' असं झालं. पहिली सही शेषरावांची. मदनसिंगानं "बुढा कीर्तनकारच व्हाले पाह्यजे होता," असं पुटपुटत दुसरी केली. तेवढ्यात खरे शूटिंगवाले पोचले, तेही चौसष्टच्या स्पीडनं, आणि वातावरण एकदम हलकं झालं.

दहाला काल्याचं कीर्तन सुरू व्हायचं होतं. शेषराव मृदंग घालून मांडवाच्या तोंडाशी उभे होते, डोळे रस्त्यापलीकडे. गोमतीबाई काठावर आल्या. थांबल्या. दुरून ट्रक येत होता. शेषरावांचे पाय पुढे सरसावले, पण बाईंनी काठी उचलून 'तिथंच राहा' अशी खूण केली. ट्रकवाल्यानं पांढरी गाडी पाहिली, ब्रेक सुस्कारला, ट्रक गोगलगाईसारखा झाला आणि पार थांबलाच. ड्रायव्हरनं बाईंना हात केला, जा म्हणून.

गोमतीबाई निघाल्या. एक पाऊल, काठी, एक पाऊल. गाडीत धम्मदीपा स्क्रीनकडे पाहून ओरडली, "मावशी, तुमचा स्पीड दोन!"

"मंग मले किती दंड वं?" बाईंनी रस्त्याच्या मधोमध थांबून विचारलं.

"माफ!"

बाई बायकांच्या रांगेत पुढे जाऊन बसल्या, काठी आडवी मांडीवर. महाराजांनी सुरुवात केली आणि शेषरावांचा पहिलाच ठेका चुकला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. महाराजांनी हसून मान डोलावली आणि ओळ पुन्हा घेतली.

दुपारी दहीकाल्याचा प्रसाद घेऊन दोघं ओट्यावर टेकली. शेषरावांनी सवयीनं तोंड उघडलं, "मंग त्या गवळणीनं—"

"मी तिथंच होती," गोमतीबाई म्हणाल्या. "तुमचा फोटो दाखवा मले. एक हातवाला."