नाटकाला नेलेली खुर्ची

मित्रांनो, मी चाकांची खुर्ची आहे, जुनी आहे आणि तोंडाने फटकळ आहे. गोड गोड ऐकायचं असेल तर शाळेच्या ऑफिसातल्या सोफ्याला बोलवा. त्याच्यावर पाहुण्यांशिवाय कुणी बसलेलं नाही.

माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. आधी एका आजोबांना फिरवलं. ते गेल्यावर माळ्यावर धूळ खात पडले. मग सातवीतल्या ठकीच्या मामाने मला खाली उतरवलं, गंज घासला आणि सायकलवाल्याकडून पुढची चाकं बदलून घेतली. मागचं डावं अजून कुरकुरतं. ठकी मला स्वतःच्या हातांनी पळवते, वळवते, दारात अडकले तर शिव्याही घालते. आमचं झकास चाललंय. बाकीच्यांचं काय सांगावं! ठकीला पाणी हवं का, हे लोक तिच्या आईला विचारतात. आई नसेल तर मामाला. एका शहाण्याने तर माझ्याकडे बघून विचारलं होतं.

यंदा वर्गात एक कादंबरी शिकवायला घेतली. तिची नायिका माझ्यासारख्याच खुर्चीवरची, आपलं म्हणणं ठणकावून सांगणारी. "मुलांनो, हिच्याकडून शिका," म्हणत बाई रुमाल काढायच्या. मग पालकांसमोर त्यातला एक प्रवेश करायचं ठरलं. नायिका कोण? तर पाठांतरात पहिली येणारी मुलगी. "ठकीला कशाला उगाच त्रास?" बाई म्हणाल्या. त्रास ठकीला नको, पण खुर्ची मात्र ठकीचीच हवी! कार्यक्रमाच्या दिवशी "जरा देतेस ना गं" म्हणता म्हणता दोघीतिघींनी तिला उचलून बाकावर ठेवलंसुद्धा. उत्तराची वाट कोण बघतो?

पाठांतरवाली माझ्यावर ऐटीत बसली आणि टिपेच्या आवाजात म्हणाली, "मला विचारल्याशिवाय माझ्या खुर्चीला हात लावायचा नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई रडल्या. मोठ्या बाईही रडल्या. एवढ्या शिकलेल्या माणसांत एकालाही हसू फुटलं नाही. मला त्यांची कीव आली.

प्रवेश संपला. पालक चहाकडे वळले, मी फोटोसाठी स्टेजवरच. आणि बाकावरच्या ठकीला बाथरूमला जायचं होतं.

"बाई, माझी खुर्ची द्या."

"हो हं बाळ, एवढा फोटो होऊ दे."

"फोटो नंतर. माझी खुर्ची आत्ता आणून द्या."

आवाज एवढा चढला की लोकांचे कप हातातच राहिले. ठकीचे कान लाल झाले होते, पण तिने मान खाली घातली नाही.

"सगळ्यांसमोर असं बोलतात का मोठ्यांशी?" बाई म्हणाल्या.

"ती बोलली तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात."

बाईंनी पुन्हा रुमाल काढला. उठली ती पाठांतरवाली. मैत्रिणीच्या मदतीने तिने मला पायऱ्यांवरून खाली आणलं, बाकाशी लावलं आणि हळूच विचारलं, "उचलू का, की तू बसशील?"

"नुसती घट्ट धर. मी बसते."

ज्याच्या उत्तरासाठी कुणी थांबलं, असा तो दिवसभरातला पहिला प्रश्न. त्या पोरीला मी माफ केलं. बाईंचं अजून ठरलेलं नाही.

तर मित्रांनो, माझ्या चाकांना तेल घाला, गंज पुसा, उपकार होतील. पण मला सरकवायचं असेल, कुठे न्यायचं असेल, तर आधी विचारा. माझ्याकडे बघून नको, मी खुर्ची आहे. ठकीला विचारा, आणि ती बोलेपर्यंत थांबा.