पाण्यावर उभा राहिलेला पडदा

शुक्रवारी दुपारी लाईटवाली कापडाचा गठ्ठा काखेत मारून घरी आली आणि दारातच थबकली. बाहेरच्या खोलीत तिचा स्टँड तयार होऊन उभा होता. नऊ फूट रुंद, आठ फूट उंच, पांढऱ्या प्लास्टिकच्या पाईपांचा, अगदी ओळंब्यात. शेजारी खुर्ची टाकून सासरे बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर गेल्या दोन वर्षांत दिसलं नव्हतं असं समाधान होतं.

"हलवून बघ," ते म्हणाले.

तिनं हलवून बघितलं. एकही जोड जागचा हलला नाही.

"बाबा, सोल्युशन लावलंत?"

"मग काय थुंकी लावू?"

आता हे सांगायलाच हवं, की बाहेर पडताना तिनं दोनदा बजावलं होतं: पाईप नुसते एकात एक बसवा, चिकटवू नका. पण सासऱ्यांनी चाळीस वर्षं नळाची कामं केलेली. न चिकटवलेला जोड म्हणजे त्यांच्या लेखी बटणं न लावलेला सदरा. सुनेला काय कळतंय, डबीभर सोल्युशनची काटकसर करतेय बिचारी, असं समजून त्यांनी आपल्या जुन्या पिशवीतली डबी काढली आणि दहाच्या दहा जोड असे पक्के केले, की हत्ती बांधला तरी सुटायचे नाहीत. आणि घराचं दार होतं तीन फुटांचं.

लाईटवाली हे नाव तिला स्टुडिओत पडलं होतं. अकरा वर्षं ती मालकांच्या शेजारी लाईट धरून उभी राहिली. कुठल्या चेहऱ्याला कुठून उजेड द्यायचा हे ती सांगायची, बटण मालक दाबायचे, आणि फोटोमागे शिक्का मालकांचा. दोन महिन्यांपूर्वी तिनं एक जुना कॅमेरा घेतला आणि ती बाहेर पडली. पहिलं धड काम मिळालं ते नर्सिंग कॉलेजचं. शेवटच्या वर्षाच्या बासष्ट मुली, शनिवारी सकाळी नऊला, कॉलेजच्याच हॉलमध्ये, कारण मुलींना ड्युटी टाकून स्टुडिओत जाता येत नाही. हॉलच्या भिंतींना ओल, त्यावर सूचनांचे फलक. म्हणून मागे पडदा हवा, बासष्ट जणींना एकसारखा. प्रिन्सिपलबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, काम नीट झालं तर दरवर्षीची बॅच तुमची. नाही झालं तर आमचे नेहमीचे आहेतच. नेहमीचे म्हणजे तेच मालक!

दुकानातला तयार स्टँड तिच्या आवाक्याबाहेरचा होता. नाक मुठीत धरून मालकांकडे मागायला गेली, तर ते म्हणाले, "स्टँड देतो की. पण फोटो मी काढणार. तू आपला लाईट धर." ती तिथून जी उठली ती थेट पाईपच्या दुकानात.

आणि आता हे.

"बाबा, हा दारातून कसा जाणार?"

सासऱ्यांनी स्टँडकडे बघितलं, दाराकडे बघितलं, परत स्टँडकडे बघितलं. चेहऱ्यावरचं समाधान हळूहळू उतरलं.

"चाळीस वर्षांत," ते म्हणाले, "मी जोडलेलं काही कुणी उचलून नेलं नाही गं."

खरंच होतं ते. नळ बसवायचा तो भिंतीत राहायलाच. पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "दोनदा सांगितलं होतं! दोनदा! उद्या सकाळी नऊला काम आहे माझं!" सासऱ्यांना आजवर ती अशी कधी बोलली नव्हती. त्यांनी उजवा हात डाव्या काखेत दडवला.

तो हात दोन वर्षांपूर्वी थरथरायला लागला, आणि कामाची बोलावणी बंद झाली. ट्रकवर असणारा मुलगा पंधरा दिवसांनी घरी आला की म्हणायचा, बाबा, ती पिशवी भंगारात द्या आता, उगाच जागा अडते. पिशवी काही भंगारात गेली नव्हती. आज ती उघडली होती. लाईटवालीनं जवळ जाऊन बघितलं, दहा जोडांवर सोल्युशनचा एक ओघळ नव्हता. थरथरत्या हातानं हे कसं जमवलं असेल, देव जाणे. तिचा राग गेला नाही, पण तिनं एका जोडावरून अंगठा फिरवून बघितला.

तेवढ्यात फोन वाजला. मालक.

"काय मॅडम, झाला का जुगाड? की टाकू आमचा स्टँड गाडीत? मी तसा उद्या त्या बाजूलाच आहे."

"नको. आमच्याकडे आहे स्टँड," ती म्हणाली आणि फोन ठेवला. होता तर खरा. घरात होता.

तिनं पिशवीतून आरी काढली. "बाबा, तुम्ही जरा बाहेर फिरून या."

"का? माझ्या डोळ्यांदेखत कापायची लाज वाटते?"

"हो, वाटते."

"वाटू दे. आण ती इकडे." त्यांनी आरी पाईपवर टेकवली. पातं पाईपवर नाचलं, एक ओरखडा उठला. पुन्हा टेकवली, पुन्हा तेच. मग त्यांनी आरी तिच्या हातात दिली आणि कानावरची पेन्सिल काढली. "मी खूण करतो, तू काप. आणि दाबू नकोस. आरीला तिच्या चालीनं चालू दे. पण थांब, कापल्यावर जोडणार कशानं?"

"सॉकेट आणते. त्यात दाबून बसवायचे."

"म्हणजे वारा आला की सुटणार आणि एखाद्या पोरीच्या डोक्यात पडणार." त्यांनी पिशवी जमिनीवर पालथी केली आणि त्या पसाऱ्यातून जाडजूड गोल कडी असलेला एक जोड उचलला. "हे युनियन. पाण्याच्या मोटारीजवळ बसवतात. मोटार बिघडली की ही कडी हातानं फिरवायची, पाईप मोकळा. परत फिरवायची, घट्ट. पाच आहेत. रोज उघडायचंय हे आधी कळलं असतं, तर पहिल्यालाच हे घातले असते."

"मी सांगितलं होतं बाबा, चिकटवू नका म्हणून."

"ते सांगितलंस. का, ते कुठं सांगितलंस?"

आपणच घाईघाईत हुकूम सोडून गेलो होतो, हे तिला मुकाट्यानं कबूल करावं लागलं.

दोन्ही खांब मधोमध कापले, वरचा आडवा पाईप मधोमध कापला, तिन्ही जागी युनियन बसले. चारच्या सुमाराला तिनं कापड टांगलं आणि मुद्दाम पंखा मोठा करून लावला. हॉलमध्ये चार पंखे होते, ते ती बघून आली होती. कापड शिडासारखं फुगलं, स्टँड मागे झुकला आणि धाडकन सासऱ्यांच्या रिकाम्या खुर्चीवर आडवा झाला.

"मेलो असतो की!" सासरे म्हणाले, आणि गंमत म्हणजे खुशीत म्हणाले. "मी बसलो असतो तर उद्या फोटो माझाच काढला असतास, हार घालून."

"बाबा, काहीतरीच काय!" तिला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. "खाली वजन पाहिजे. विटा बांधते पायांना. नाहीतर वाळूच्या पिशव्या."

"हॉल कितव्या मजल्यावर?"

"दुसऱ्या. लिफ्ट नाही."

"मग विटा कोण चढवणार? तू कॅमेरा धरणार की हमाली करणार? वजन वर आहेच की."

"कुठं?"

"नळात."

तिला क्षणभर कळलं नाही. सासऱ्यांनी माळ्याकडे बोट दाखवलं. तिथं सांडपाण्याचा चार इंची पाईप पडून होता, कुठल्याशा कामातून उरलेला. "या पाईपचे दोन पाय करू. पुढून मागे आडवे टाकायचे, दोन्ही तोंडं बंद, मधोमध वर एक तोंड. त्यातून पाणी ओतायचं आणि वर खांब कसायचा. एकेका पायात बादलीभर पाणी मावतं. काम झालं की ओतून द्यायचं आणि रिकामे पाय काखेत मारून घरी यायचं. पण एक आहे हं, सूनबाई. हे जोड चिकटवावेच लागतील. तुझ्या त्या दाबून बसवण्यानं हॉलमध्ये तळं होईल."

ती पळत दुकानात गेली, झाकणं आणि मधले जोड घेऊन आली. कापलं तिनं, खांबांचे जुने पायसुद्धा. सोल्युशन मात्र सासऱ्यांनीच लावलं. ब्रश पाईपच्या तोंडात थरथरत गोल फिरायचा, आणि ते म्हणायचे, "बघ, इथं हात हलणंच कामाला येतं." उरलेले दोन युनियन पायांच्या वरच्या तोंडांना बसले. दिवेलागणीला दोन्ही पाय भिंतीशी वाळत उभे होते.

सकाळी सहाला सासऱ्यांनी परीक्षा घेतली. पायांखाली कालचं वर्तमानपत्र पसरलं, पाणी भरलं, स्टँड उभा केला, पंखा लावला. कापड फुगलं. पाय ढिम्म. अर्ध्या तासानं त्यांनी खाली वाकून कागदावरून बोट फिरवलं. कोरडा ठणठणीत. मग पाणी ओतलं, कड्या फिरवल्या, आणि अख्खा स्टँड सहा तुकडे होऊन त्या तीन फुटी दारातून बाहेर पडला. वर्तमानपत्र घडी घालून सासरेही मागोमाग निघाले.

"तुम्ही कशाला, बाबा?"

"गळलं तर? तू फोटो काढशील की फडकं मारशील?"

हॉलमध्ये पडदा उभा राहिला तोवर मुलींची रांग लागली होती. कडक इस्त्रीचे गणवेश, घामाघूम चेहरे. प्रिन्सिपलबाईंनी चारही पंखे लावायला सांगितले. पडदा भरला, ओसरला, परत भरला. स्टँड जागचा हलला नाही. एका मुलीचा तर जाता जाता चांगला कोपर लागला खांबाला, तरी नाही. सासरे खांबाशेजारी स्टुलावर बसून खालच्या कागदावर नजर ठेवून होते.

नऊच्या ठोक्याला दारात मालक उभे. सहज आलो म्हणाले. त्यांनी स्टँडला एक फेरी मारली, बुटानं स्टँडचा पाय ढकलून बघितला, तो ढकलला गेला नाही. मग ते प्रिन्सिपलबाईंकडे वळून गोड हसले.

"बाई, हे एकटीचं काम नाही. लाईट कोण धरणार? बासष्ट चेहरे अर्धे काळे येतील. मी काढतो फोटो, ही लाईट धरेल. आमची जुनी जोडी आहे."

प्रिन्सिपलबाईंनी घड्याळ बघितलं, मग लाईटवालीकडे बघितलं. आणि मालकांचं खरं होतं, हीच तर चीड! खिडकीतून उजेड भरपूर होता, पण एका बाजूनं. दुसऱ्या बाजूला पांढरा फळा धरून तो चेहऱ्यावर परतवायला माणूस लागतो. तिनं स्टुलावर फळा टेकवायचं ठरवलं होतं, पण प्रत्येक मुलीची उंची वेगळी. बटण आणि फळा यांच्यात अकरा वर्षं ती फळ्याच्या बाजूला होती. आज परत तिकडेच जायचं?

"लाईट धरायला माणूस आहे," ती म्हणाली. तिनं फळा उचलला आणि सासऱ्यांच्या हातात दिला.

"अगं, हलतोय हात," सासरे पुटपुटले. फळा खरंच थरथरत होता. सगळ्यांना दिसत होता. मालकांना तर फारच दिसत होता.

"हलू दे," ती म्हणाली, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दुपारी तीननंतर माझाही हलायचा, बाबा. अकरा वर्षं हलला. कुणाच्या फोटोत दिसला नाही. जरा वर धरा. अजून. बास."

तिनं बटण दाबलं. पहिलीचा फोटो कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर दिसला आणि रांगेतल्या मुली पुढं सरकून बघायला लागल्या. नव्हे, भांडायलाच लागल्या, आता माझा, आता माझा. प्रिन्सिपलबाईंनी चष्मा वर करून तो फोटो नीट बघितला. "दोन्ही गालांवर उजेड सारखा आहे," त्या मालकांना म्हणाल्या. "तुम्ही बसा हवं तर."

मालक बसले नाहीत. विसाव्या मुलीपर्यंत उभे राहिले आणि मग कधी गेले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सव्वाबाराला बासष्टावी मुलगी उठली. प्रिन्सिपलबाईंनी वही उघडून पुढच्या वर्षाची तारीख लिहिली. "आणि फोटोखाली नाव कुणाचं टाकायचं?"

लाईटवालीनं आपलं नाव सांगितलं. अख्खं सांगितलं, एकदा, सावकाश. बाईंनी ते लिहून घेतलं तेव्हा तिचे डोळे भरून आले, आणि ते तिनं लपवले नाहीत.

पाठीमागे सासऱ्यांनी फळा खाली ठेवला होता. दोन्ही दंड चोळत ते गुडघ्यांवर बसले, स्टँडच्या पायाखालचं वर्तमानपत्र हलकेच ओढून काढलं, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

"बाबा, रद्दी कशाला घेताय?"

"रद्दी नाही ही. कोरडी आहे बघ," ते म्हणाले. "पिशवी भंगारात द्या म्हणतो ना तुझा नवरा? आला की दाखवणार आहे त्याला."