‘भोंगा’ची सुट्टी

धुळ्याच्या ‘भोंगा’ बँडचा पहिला अल्बम होता ‘गठाण’, म्हणजे कापसाची गासडी. जिनिंगमधल्या यंत्रांचा खडखडाट, त्यावर इलेक्ट्रिक गिटार आणि सगळ्यांवर कडी म्हणून नूतनचं ओरडणं. ऐकून ज्यांचं डोकं दुखलं त्यांनी तो बंद केला. दुखूनही ज्यांनी बंद केला नाही, ते भोंगाचे चाहते झाले. असे चाहते धुळे-जळगाव मिळून शे-दीडशे असतील. मतं मात्र त्याहून कितीतरी जास्त.

नवा अल्बम ‘सुट्टी’ आला आणि या मंडळींत उभी फूट पडली. यंत्रं कमी, गाणं जास्त. धुळ्याच्या प्रेमराजनं चाहत्यांच्या ग्रुपवर लिहिलं, “हा बँड नाही, बालवाडी आहे.” जळगावच्या हितेंद्रनं लगेच लिहिलं, “ज्यांना कळत नाही त्यांनी डीजेसमोर नाचावं.” हितेंद्रनं अल्बम तोवर ऐकलाही नव्हता. धुळेकर नावं ठेवतात म्हटल्यावर त्याला तो आवडून गेला होता, एवढंच.

गिटार वाजवणाऱ्या नवीननं तोडगा काढला. नशिराबादजवळ मावसभावाच्या मळ्यात भरीत पार्टी ठेवू, सगळ्यांना एकत्र बसवून अल्बम ऐकवू. हिवाळ्यात खान्देशातलं निम्मं राजकारण वांगी भाजता भाजताच उरकतं. तिथं एका अल्बमची काय कथा!

“एक सांगून ठेवतो,” धुळ्याहून निघाल्यावर गाडीत नवीन म्हणाला. “त्यांना आवडलं तर शिरपूरच्या कार्यक्रमात ‘सुट्टी’ वाजवू. नाही तर ‘गठाण’च. मग तुझं सहावं गाणं राहू दे.”

“तुला स्वतःला आवडलंय का ते?” नूतननं विचारलं.

“लोकांना काय वाटतं ते बघू ना.”

नूतन खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत बसली. तिचे वडील, आबा, ऑइल मिलमध्ये कामाला होते. यंत्रापाशी राहून राहून त्यांचा आवाज घरातही चढाच लागायचा. मीठ मागितलं तरी शेजारी दचकायचे. मिल बंद झाली त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा हळू बोलले. सहावं गाणं त्या हळू बोलण्याचं होतं. त्यात यंत्र नव्हतं, कारण ते थांबलेलं होतं. आता त्या गाण्याचा निकाल बॉल बेअरिंगचा दुकानदार प्रेमराज लावणार होता.

पत्र्याच्या शेडमध्ये सतरंजी, मधोमध दोन स्पीकर. काळे टी-शर्ट घातलेली मंडळी श्राद्धाला बसावं तशी बसली. पहिल्या गाण्यालाच प्रेमराजनं तोंड वाकडं केलं.

“यामा मशीन कोठे शे? बठ्ठं गाणंच शे!”

“अल्बममध्ये सगळं गाणंच असतं, भाऊ,” हितेंद्र म्हणाला. “धुळ्याला माहीत नसेल.”

“तू चूप बस रे. जळगावचे लोक सोन्याच्या दुकानात पण वजनापेक्षा पिशवी बघतात.”

चौथ्या गाण्यापर्यंत हितेंद्रही जांभया देऊ लागला, पण माघार कशी घ्यायची म्हणून डोळे मिटून मान हलवत राहिला. मग सहावं लागलं. शेडमध्ये नूतनचा एकटा, खालच्या पट्टीतला आवाज. प्रेमराज मोबाइल काढणार, इतक्यात धप्प, धप्प, धप्प असे दबके, जड ठोके त्या आवाजाखाली येऊ लागले.

प्रेमराजचं बोट वर गेलं. “हां! आली! गठाण दाबायची प्रेस!”

“प्रेस कुठली? डाळमिल आहे,” हितेंद्रचे डोळे उघडले.

“प्रेसच! आणि कुठं लपवली बघा, पार तळाशी. याला म्हणतात बँड!”

अख्खी शेड माना डोलावू लागली. नूतननं नवीनकडे पाहिलं. त्या गाण्यात ठोके नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. नवीननं घसा खाकरला. “दोंडाईच्याकडं एका जिनिंगमध्ये जाऊन रेकॉर्ड केलंय,” तो म्हणाला. “फार त्रास झाला.”

नूतन उठून शेडमागं गेली. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या राखेपाशी भाजून सोललेल्या वांग्यांचा ढीग होता. मळ्यावरच्या कमलअक्का लाकडी बडगीत मिरच्या, लसूण आणि वांगी घालून मुसळानं ठेचत होत्या. धप्प, धप्प.

“आवाज होतोय का वं बाई? थांबू?”

“नका थांबू, अक्का. पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालंय.”

पंगत बसली. पुऱ्या, भरीत, कांद्याची पात. सहावं गाणं आता सगळ्यांचं लाडकं झालं होतं.

“शिरपूरला तेच वाजवा, नवीनभाऊ,” प्रेमराज म्हणाला. “फक्त प्रेसचा आवाज वाढवा, अन् ताईचं गाणं काढून टाका. मधे मधे येतं.”

नवीननं पुरीचा तुकडा मोडला. नूतन त्याच्या तोंडाकडे बघत होती. गाडीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला अजून हवं होतं.

“काढतो,” नवीन म्हणाला.

नूतननं वाढायचं पातेलं उचललं, ती प्रेमराजसमोर आली आणि तिनं त्याच्या ताटात भरिताचा मोठा गोळा टाकला.

“घ्या भाऊ, प्रेस. मघाशी तुम्ही ऐकलीत ती हीच. अक्कांनी बडगीत ठेचली. दोंडाईच्याला जायचा त्रास कुणालाच झाला नाही.”

हितेंद्र हसू लागला. मग आपण डाळमिल म्हणालो होतो हे आठवून तो पाणी प्यायला.

“नूतन, अगं गंमत...” नवीन उठू लागला.

“जेव तू. शिरपूरला बडगी घेऊन जा, ठोके द्यायला प्रेमराजभाऊ आहेतच. माझं गाणं मी घेऊन जाते.”

तिनं पातेलं खाली ठेवलं, अक्कांच्या पाया पडली आणि हायवेवर येऊन धुळ्याची एसटी धरली. एरंडोलच्या पुढं मोबाइल वाजला. ग्रुपवर प्रेमराजनं लिहिलं होतं, “भोंगा फुटला. ‘सुट्टी’ हा त्यांचा सर्वात श्रेष्ठ अल्बम. आमच्या ते आधीच लक्षात आलं होतं.”

खाली हितेंद्रनं लिहिलं होतं, “बालवाडी.”

नूतन ग्रुपमधून बाहेर पडली आणि सहावं गाणं अगदी हळू आवाजात गुणगुणू लागली. शेजारच्या सीटवरची म्हातारी ऐकत होती की झोपली होती, हे तिनं वळून पाहिलं नाही.