चालू स्थितीत

“मंठा तालुक्यातल्या एका वस्तीवरचा सौरदिवा चार वर्षांपासून एकाही दुरुस्तीशिवाय चालू आहे,” असं सांगून व्यासपीठावरच्या साहेबांनी वस्तीचं नाव घेतलं. मागच्या रांगेतल्या तातेरावांनी हातातल्या कागदाची घडी करून तो खिशात ठेवला. ती वस्ती त्यांची होती आणि तो दिवा त्यांच्या दारासमोरचा.

२००४ साल होतं. अपारंपरिक ऊर्जेच्या नव्या धोरणावर लोकांची मतं ऐकायला जालन्यात सभा भरली होती. तातेराव मंठ्यात बावीस वर्षं शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देत होते. योजना त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. सरकारी निर्धूर चुलीत कोंबड्या अंडी घालत होत्या, गोबरगॅसच्या खड्ड्यात तुराट्या पडल्या होत्या. पेपरात ‘नागरिकांनी मते कळवावीत’ असं वाचल्यावर त्यांच्या मनात पहिली शंका आली ती ही की, विचारतायत म्हणजे सगळं ठरून गेलेलं असणार. तरीही त्यांनी दोन पानं लिहून आणली होती. गावात व्होल्टेजच मिळत नाही, तिथं धोरणातली वीज वाचवणारी मोटारही जळते, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

दिव्याबद्दल बोलायचं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांच्या दारासमोरच्या बुद्धविहारापुढं तो बसवला आणि चौदा महिन्यांत त्याची बॅटरी संपली. तातेरावांनी तीनदा कार्यालयात खेटे घातले. देखभालवाला येईल, असं तिन्ही वेळा सांगितलं गेलं. शेवटी त्यांनी ट्रॅक्टरची एक उतरवलेली बॅटरी दुकानात जुळवली आणि स्वतः खांबावर चढून दिवा लावला. भारनियमनात सगळा गाव काळोखात बुडायचा, तेव्हा वस्तीवरच्या बाया त्याच उजेडात पाणी भरायच्या. त्यांच्या लेकीची, बेबीनंदाची, दहावी त्याच खांबाखाली झाली होती.

साहेब पुढं वाचत होते. या दिव्याचा अनुभव पाहता असेच दिवे दोनशे गावांत बसवावेत, देखभालीची वेगळी तरतूद करण्याची गरज नाही. तातेरावांना एकदम कळलं की आपली दुरुस्तीच या लोकांचा पुरावा झाली आहे. गप्प राहिलं तर दिवा राहील. बोललं तर सरकारी मालाला हात लावल्याची कबुली होईल. मग ते उभे राहिले.

“साहेब, तुमची बॅटरी केव्हाच मेली. आता हाय ती ट्रॅक्टरची हाय. मी बसवली.”

सभागृहात कुणीतरी हसलं. परवानगी घेतली होती का, असं साहेबांनी विचारलं. तातेराव म्हणाले, “तीनदा मागायला गेल्तो. तुम्ही खांब किती बसवले ते मोजता, दिवे किती लागतेत ते कोणी पाहत न्हाई. दुरुस्ती कोण करणार, ते धोरणात लिहा. न्हाई तं दोनशे गावांत नुस्ते खांब उभे राहतेल.”

साहेब रागावले नाहीत. त्यांनी आभार मानले, नाव-पत्ता लिहून घ्यायला लावला, चहा पाजला. त्या गोडीनं तातेरावांचा संशय जास्तच वाढला. परतताना एस.टी.त त्यांना मोटारींवरची दोन पानं आठवली. ती खिशातच राहिली होती.

घरी चांगुणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. चालत्या दिव्यात हात घालायला तुम्हाला कोणी विचारल्तं का, एवढंच त्या म्हणाल्या. “पेपरात विचारल्तं,” तातेराव म्हणाले आणि पाट ओढून जेवायला बसले.

आठव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, वस्तीवर जीप आली. एक तरुण इंजिनिअर आणि दोन मजूर शिडी घेऊन उतरले. दिवा तपासणीला न्यायचा होता. कधी परत येईल, ते त्यांना माहीत नव्हतं. बाया गोळा झाल्या. शेजारच्या नंदाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “तातेरावदादा, तुमच्या खऱ्यापायी आमचा उजेड चालला.” तातेरावांनाही सभेहून परतल्यापासून तीच भीती वाटत होती.

ते जाऊन खांबाला लावलेल्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. दिवा नेल्याचा सहीचा कागद दिल्याशिवाय नेऊ देणार नाही, म्हणाले. इंजिनिअरनं बराच वेळ समजावलं, उन्हात घाम पुसला आणि अखेर वही काढली. तातेराव सांगत गेले, तो लिहीत गेला. ‘दिवा चालू स्थितीत’ या शब्दांशी त्याचा पेन थांबला.

“चालू लिहिलं तर मला विचारतील, मग काढून का आणला?”

“तेच तं इचारायला पाह्यजे कोणीतरी,” तातेराव म्हणाले.

मग इंजिनिअरनं लिहिलं: दिवा चालू स्थितीत, ग्रामस्थ तातेराव यांनी दुरुस्त केलेला. खाली सही केली. बेबीनंदानं तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला. नंदाबाईंनी तिला तो पुन्हा एकदा वाचायला लावला.

तातेराव उठून बाजूला झाले. मजुरांनी दिवा उतरवला, वरचं सौर पॅनेल सोडवलं. बॅटरी तातेरावांची होती, ती तेवढी खाली ठेवली. पॅनेल जीपच्या टपावर उताणं बांधलं आणि ड्रायव्हरनं गाडी चालू केली.

“थांबा जरा,” तातेराव म्हणाले.

पॅनेलच्या दोन उघड्या तारा जीपच्या काचेवरून खाली लोंबत होत्या. तातेराव दुकानात वापरायची काळी टेप घेऊन आले आणि जीपच्या पायरीवर चढले. इंजिनिअरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“उन्हात हाय ते. आत्ताबी वीज बनवून राह्यलं,” तातेराव त्याला म्हणाले. “तारा एकमेकीला लागल्या तं ठिणगी पडल.”

त्यांनी दोन्ही टोकांना वेगवेगळी टेप गुंडाळली, दातानं तोडली, अंगठ्यानं घट्ट दाबली. तारा दोरीखाली नीट खोचल्या. मग ते खाली उतरले आणि जीपच्या पत्र्यावर हात मारून म्हणाले, “जाऊ द्या.”