तीन विटांचं घर

“बुढी आजपासून शालिकरामकडं जेवते, मॅडम. त्याच्यात लिवा,” असं म्हणून सूर्यभाननं धाकट्या भावाच्या दाराकडं बोट केलं, आणि रागिणीबाईंचं डोकं सणकलं.

जुन्या शहरातल्या गल्ल्यांत उन्हातान्हात घरं मोजून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. शाळेला सुट्टी लागली की अमरावतीला माहेरी जायचं ठरलेलं, तर जनगणनेची ड्यूटी कपाळी आली. वर मोबाइल असा तापलेला, की त्यावर पापड भाजावा!

नियम काही अवघड नव्हता. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. पण या भावांनी भाजीचा मळा वाटून घेतला होता, विहीर वाटली होती आणि आईचं जेवणही वाटलं होतं. पंधरवडा थोरल्याकडं, पंधरवडा धाकट्याकडं. आज नेमकी पुनव, अदलाबदलीचा दिवस. थोरला म्हणे, माझं काल संपलं. धाकटा म्हणे, माझं रात्रीपासून. खरी मेख निराळीच होती. सरकारात ज्याच्या घरी म्हातारीचं नाव लागेल त्यानंच तिला जन्मभर पोसायचं, असं कुणीतरी दोघांच्या डोक्यात भरवलं होतं. असं काही नसतं हो, म्हणून बाईंनी घसा कोरडा केला. ऐकतो कोण!

माणिकबाई अंगणात रिकामी ताटली मांडीवर घेऊन बसली होती. दुपार टळली तरी तिला कोणत्याच दारातून हाक आली नव्हती.

“मग काय, आजींना मोजूच नको?” रागिणीबाई वैतागून म्हणाल्या.

दोघाही भावांनी पुन्हा एकमेकांच्या दाराकडं बोट केलं.

म्हातारी उठली. कोपऱ्यातल्या तीन विटा तिनं ओढल्या, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडून घातल्या, काडी लावली आणि पाणी चढवलं.

“चूल पेटली न? लिव आता, माणिकबाई. घरचं मोठं माणूस बी मीच.”

“माय, लोकं काय म्हनतीन?” सूर्यभान पुटपुटला.

“मले वाटून घेतलं तवा तुले लोकं नाई दिसले?”

बाईंनी नोंद केली. कुटुंबप्रमुख माणिकबाई, माणसं एक. मग त्या निघाल्या, तर म्हातारीनं पदर धरला.

“माह्या घरी पयल्यांदा आली तू. चहा घेऊन जाय.”

कमरेच्या पिशवीतून चहापत्तीची पुडी निघाली. दूध नव्हतं, साखरही नव्हती. धाकटी सून साखरेची वाटी घेऊन आली, तिला म्हातारीनं हातानंच थांबवलं. रागिणीबाई विटांपाशी मांडी घालून बसल्या आणि तो काळा, धुराचा वास लागलेला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या.