चिठ्ठीत आलेली बाजू

माझे वडील चिठ्ठीत येईल त्या बाजूने बोलतात. ते का, हे आधी सांगते, म्हणजे पुढचा मूर्खपणा कळेल.

कल्याण पूर्वेला आमच्या चाळीच्या टोकाला एक खोली आहे. बाहेर पाटी: 'कामगार वादविवाद मंडळ'. माझे वडील परशुराम, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, डोंबिवलीच्या एका कारखान्यात टर्नर होते. तो कारखाना कधीच बंद पडला. पण चालू होता तेव्हा अण्णा आणि त्यांचे सोबती शनिवारी पाळी सुटली की आंघोळ करून, केस विंचरून या खोलीत जमायचे आणि भांडायचे. रीतसर. फळ्यावर विषय लिहायचा, दोन चिठ्ठ्या टाकायच्या, 'बाजूने' आणि 'विरुद्ध'. जी येईल ती बाजू जीव तोडून मांडायची, मनात काही का असेना. "स्वतःचं मत तर दारुडाही मांडतो," अण्णा म्हणायचे. "समोरच्याचं मत त्याच्यापेक्षा चांगलं मांडता आलं, तर माणूस शिकला म्हणायचं." शेवटी हात वर करून निकाल. भाषणं पूर्ण ऐकलेल्या कोणालाही मत देता येई, पाहुण्यालासुद्धा. आणि विषय मंडळाचाच असला तर निकाल पाळायचा, त्यात मागेपुढे नाही.

एकदा विषय होता, मंडळात चहा असावा का. मारुतीकाका अण्णांच्याच कारखान्यातले, चहा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांना नेमकी 'विरुद्ध' आली, आणि ते इतकं भारी बोलले की चहा बंद झाला. आजतागायत बंद आहे. मारुतीकाका त्यावरून अजून स्वतःला शिव्या घालतात, पण खोलीत चहा पीत नाहीत. अशी ही माणसं. एक काळुराम होते, ते पुस्तकावरून रशियन शिकले आणि मरेपर्यंत त्यांना एकही रशियन भेटला नाही. चाळ हसायची. मीही हसायचे. पण चार माणसांत तोंड उघडायला मी तिथेच शिकले, हेही खरं.

आता मंडळात अण्णा, मारुतीकाका आणि मी. मी ठाण्याला नौपाड्यात एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. शनिवारी लवकर निघते, कारण भाषण करायला दोघं लागतात तसा ऐकायला निदान एक तरी लागतो. आई गेल्यापासून अण्णा घरात फारसं बोलत नाहीत. आठवडाभर पेपर चाळायचा, मुद्दे काढायचे, मनातल्या मनात घोळवायचे आणि शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून खोलीवर जायचं. ती खोली नसती तर हा माणूस दाढी तरी कशासाठी करेल, असं मला वाटायचं. वाटायचं काय, भीतीच होती ती.

खोली दिली मितेशच्या आजोबांनी. ती इथली मूळची माणसं, चाळीखालची जमीन त्यांचीच. आजोबांना जमिनीच्या सुनावणीत साहेबापुढे बोलायचं होतं आणि चार माणसांत बोलायची सवय नव्हती. अण्णांनी त्यांना रोज या खोलीत उभं करून बोलायला लावलं. सुनावणीचं काय झालं मला माहीत नाही, पण आजोबा खूश झाले आणि म्हणाले, ही खोली तुमची. सगळं तोंडी. आता आजोबा नाहीत आणि नातवाला, म्हणजे मितेशला, तिथे जिम काढायची आहे.

मितेश वाईट असता तर बरं झालं असतं. तो दारात चपला काढून आत आला आणि अण्णांच्या पाया पडला.

"काका, आपल्या पोरांना बसायला जागा नाय कुठं. जिम टाकतो म्हणलं. भिंतीवर तुमचा मोठा फोटो लावतो. पन तुमी नाय बोललात तर विषय संपला. आजोबांचा शब्द हाय, आमी जबरदस्ती नाय करनार."

एक 'नाही' म्हणायचं होतं. एवढंच. मी मागेच उभी होते.

"हा मंडळाचा विषय आहे," अण्णा म्हणाले. "शनिवारी ये. ठराव ठेवू."

तो गेल्यावर मी भडकले. "अण्णा, तो स्वतः सांगतोय नाही म्हणा. म्हणून टाका ना."

"मी कोण नाही म्हणणारा? खोली माझी आहे का?"

"मग कोणाची?"

"मंडळाची."

"मंडळ म्हणजे तुम्ही आणि मारुतीकाका."

"आणि तू," अण्णा म्हणाले. मी कपाळावर हात मारून घेतला.

शनिवारी मितेश पोरांना घेऊन आला. जिममध्ये जायचीच ती पोरं, दंड फुगवलेली, हातात मोबाईल. खोली भरली, काही दारात उभी राहिली. किती वर्षांनी त्या खोलीत श्वास घ्यायला जागा नव्हती. अण्णांचा चेहरा बघवत नव्हता, इतके ते खुलले होते. नवे खडू आणले होते त्यांनी. वळणदार अक्षरात फळ्यावर लिहिलं: 'मंडळाने ही जागा तरुणांस द्यावी.'

मितेशने आधीच हात जोडले. "मला भाषन नाय जमत काका. तुमीच बोला दोघं."

चिठ्ठ्या टाकल्या. अण्णांना 'बाजूने' आली. मारुतीकाकांना 'विरुद्ध'. मारुतीकाकांना दोन पायऱ्या चढल्या तरी दम लागतो.

"अण्णा, बदलून घ्या," मी हळूच म्हणाले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत जागेवर जाऊन बसले.

आणि अण्णा बोलले. मी त्यांना लहानपणापासून ऐकत आलेय, पण असं कधी ऐकलं नव्हतं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "ही खोली आम्हाला मिळाली तेव्हा आम्ही तरुण होतो आणि आम्हाला कुठे बसायला जागा नव्हती. आज या मुलांना नाही. आम्ही सहा दिवस कुलूप लावतो आणि सातव्या दिवशी आमचंच आम्ही ऐकतो. आम्हाला वाटलं, आमच्या मागून कोणी येईल. नाही आलं. दोष त्यांचा नाही. त्यांना बोलावण्यासारखं आमच्याकडे काही उरलं नाही, आणि आम्ही ते कबूल केलं नाही. जागा अडवून ठेवली म्हणजे विचार टिकत नाही, मित्रांनो. नुसती जागा अडते."

पोरांनी मोबाईल खाली ठेवले होते. हे मुद्दे एका आठवड्यात काढलेले नव्हते. हे त्यांच्या मनात कधीपासून होतं, आणि चिठ्ठी आली नसती तर ते मेले तरी बोलले नसते.

मग मारुतीकाका उठले. टेबल धरून उभे राहिले. "जागा राहिली पाहिजे," ते म्हणाले, "कारण..." दम लागला. मी पाणी दिलं, ते त्यांनी बाजूला सारलं. "कारण आम्ही जायचं कुठे?" एवढं बोलून ते खाली बसले. माझ्या मते त्या सगळ्या संध्याकाळचं खरं वाक्य ते एकच. पण गयावया करणं हा मुद्दा धरायचा नाही, हा मंडळाचा जुना दंडक.

हात वर झाले. सगळ्या पोरांचे. मितेशचाही, जरा बिचकत. मारुतीकाकांचाही, कारण ज्याचं भाषण सरस त्याला मत, मग तो समोरचा का असेना. विरुद्ध हात एकटीचा, माझा.

"ठराव मंजूर," अण्णांनी जाहीर केलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. अण्णांनी किंचित मान झुकवली आणि खिशातून किल्ली काढून मितेशच्या हातावर ठेवली. मितेशलाच ती घेताना कसनुसं झालं. "काका, नक्की ना?" त्याने विचारलं. अण्णा त्याच्या पाठीवर थाप मारून बाहेर पडले.

मारुतीकाकांना आम्ही मेन रोडवर रिक्षात बसवलं. परत येताना अण्णा रंगात होते, झपाझप चालत होते.

"मारुतीने संधी घालवली," ते म्हणाले. "त्याने आजोबांच्या शब्दापासून सुरुवात करायला हवी होती. शब्द बोलायला शिकवल्याबद्दल मिळालेली जागा, ती पुन्हा शब्दासाठीच राहिली पाहिजे. मग म्हणायचं, जिम कुठेही निघेल. ज्याला बोलता येत नाही त्याने उभं राहून अडखळायचं कुठे? आज मितेश स्वतः म्हणाला, मला भाषण जमत नाही. तिथेच पकडायचं त्याला. हे तर बिनतोड आहे, कल्पिता. याला उत्तरच नाही माझ्याकडे."

"हे सगळं तुम्हाला सुचत होतं?"

"सुचणारच. दोन्ही बाजू तयार लागतात."

"मग आता कोणाला सांगताय हे?" माझा आवाज चढला.

अण्णा थांबले. समोर खोलीत दिवा चालू होता. आत दोन पोरं टेप धरून भिंत मोजत होती, तिसरा फळा काढायला स्टुलावर चढला होता. मगाचं सगळं अवसान चेहऱ्यावरून उतरलं, आणि ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

"मी चुकलो का गं?"

हो म्हणायचं होतं मला. ओरडून म्हणायचं होतं.

"नाही अण्णा," मी म्हणाले.

"खाली बघून बोलू नकोस," ते म्हणाले. "समोरच्याला पटत नाही."